तिरक्या डिस्प्ले फॉन्टचं काम कुठं बिघडतं: हळदीच्या एका पाकिटावर सगळे टप्पे

सांगलीत डिझाईनचं काम करताना महिन्याला तीन-चार फायली तरी अशा येतात, की मराठी नाव टाईप केलेलं असतं, मग ‘आय’चं, म्हणजे इटॅलिकचं, बटन दाबून तिरकं केलेलं असतं, मग जागा उरली म्हणून अक्षरं बाजूनं ताणलेली असतात आणि एवढं करून उठून दिसेना म्हणून वर पांढरी किनार आणि सावली. पाठवणारा म्हणतो, काहीतरी कमी वाटतंय, जरा बघा. मी फाईल उघडतो आणि बहुतेक वेळा भर काहीच घालत नाही, उलट तीन गोष्टी काढून टाकतो आणि काम पहिल्यापासून योग्य क्रमानं करतो. तो क्रम इथं लिहितोय.

उदाहरण म्हणून एकच काम शेवटपर्यंत धरू. २०० ग्रॅम हळदीचं प्लास्टिकचं पाकीट, नाव ‘राजापुरी’, खाली ‘हळद पावडर’, आणि हेच नाव इंग्रजीतसुद्धा. मालक मार्केट यार्डातला, त्याला ‘जरा वळणदार, झुकतं, पळतंय असं वाटणारं’ अक्षर हवंय. मागणी चांगली आहे, करता येते. फक्त कशी करायची ते बघा.

सुरू करण्याआधी: तिरकं म्हणजे नेमकं काय

तीन वेगळ्या गोष्टींना आपल्याकडं सरसकट ‘इटॅलिक’ म्हणतात, आणि निम्मा घोळ इथंच आहे.

पहिलं म्हणजे खरं इटॅलिक. इंग्रजी अक्षरांसाठी वेगळं काढलेलं असतं, सरळ अक्षर वाकवून केलेलं नसतं. ओळखायची खूण सोपी आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये सरळ छोट्या ‘ए’च्या डोक्यावर छप्पर असतं, इटॅलिकमध्ये ते जातं आणि हातानं लिहितो तसा गोल ‘ए’ राहतो, आणि छोट्या ‘एफ’चा शेपटा बऱ्याचदा ओळीच्या खाली उतरतो. डिस्प्ले प्रकारात यावर आणखी मसाला असतो, जाड-बारीक रेघांत मोठा फरक, टोकाला गोळे, कॅपिटलला लांब फटकारे, अक्षरं एकमेकांच्या जवळ. हे मोठ्या आकारासाठीच केलेलं असतं. म्हणून याच्यात लय दिसते, आणि म्हणूनच ते लहान केलं की मरतं.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरनं वाकवलेलं सरळ अक्षर. ‘आय’ बटन दाबल्यावर फॉन्टमध्ये इटॅलिक नसेल तर बरीच सॉफ्टवेअरं सरळ अक्षरालाच तिरकं ढकलून देतात, सांगतही नाहीत.

तिसरं, हाताच्या वळणावर बेतलेलं अक्षर, जे मुळातच झुकलेलं असतं. देवनागरीत ‘कलम’ हा फॉन्ट असा आहे, लाइट, रेग्युलर, बोल्ड तीन वजनांत, म्हणजे जाडींत, मिळतो, आणि त्याच्याबरोबरची इंग्रजी अक्षरंही त्याच हाताची वाटतात. ‘अमिता’ आणि ‘तिल्लाना’सुद्धा वळणदार आहेत, त्यांचा स्वभाव वेगळा.

देवनागरीला इंग्रजीसारखी इटॅलिकची परंपरा नाही, त्यामुळं बहुतेक मराठी फॉन्टांत खरं इटॅलिक नसतंच. म्हणजे मराठी शब्दावर ‘आय’ दाबलं की बहुतेक वेळा तुमच्या हाती दुसरा प्रकार पडतो.

टप्पा १. झुकणारा शब्द एकच, तो कागदावर ठरवा

कॉम्प्युटर बंद ठेवा. पाकिटावर जे जे छापायचंय ते सगळं कागदावर उतरवा, नाव, प्रकार, वजन, एमआरपी, बॅच, तारीख, पत्ता, फोन, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर. आता यातला एकच शब्द गोल करा. तोच झुकणार, बाकी सगळं सरळ उभं राहणार.

आपल्या पाकिटावर तो शब्द ‘राजापुरी’. ‘हळद पावडर’ नाही. गिऱ्हाईक हळद मागायलाच आलंय, त्याला ही कुठली ते सांगायचंय. लग्नपत्रिकेत ती दोन नावं असतात, तारीख-स्थळ नाही. आपल्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, नाटकांच्या जाहिराती इथं सतत लागतात, त्यात नाटकाचं नाव झुकू द्या, पण ‘रात्री ९.३०’ आणि ‘तिकीट विक्री सुरू’ कधीच नाही. झुकलेलं अक्षर चालतं कारण शेजारचं सगळं स्थिर असतं. सगळंच झुकलं की डोळ्याला वाटतं कागदच वाकडा लागलाय.

> सावधान: वजन, किंमत, फोन नंबर, पत्ता, औषधाचा डोस, रस्त्याची दिशा, शाळेची सूचना, श्रद्धांजली. इथं डिस्प्ले इटॅलिक वापरूच नका, कितीही आग्रह झाला तरी.

टप्पा २. कशावर छापणार ते आधी विचारा, फॉन्ट नंतर

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि पैसे इथंच बुडतात. माझेही बुडालेत. सुरुवातीच्या काळात एका मसाल्याच्या पाकिटासाठी मी फार देखणा, बारीक रेघांचा इटॅलिक घेतला होता, स्क्रीनवर बघून मालक खूश, मी खूश. हजारोंनी पाकिटं छापून आली तेव्हा लाल पट्टीवरच्या पांढऱ्या अक्षरांतल्या बारीक रेघा शाईनं बुजून गेलेल्या, दोन अक्षरांचे नुसते जाड तुकडे उरले होते. छापणाऱ्याची काही चूक नव्हती, मी त्याला विचारलंच नव्हतं.

म्हणून आधी हिशोब. २४ पॉइंट म्हणजे साधारण ८.५ मिलिमीटर. फॉन्टची सगळ्यात बारीक रेघ आकाराच्या २ टक्के असेल तर ती भरते ०.१७ मिलिमीटर. प्लास्टिकवर किंवा स्क्रीन प्रिंटिंगला मी बारीक रेघ ०.३ मिलिमीटरच्या खाली जाऊ देत नाही, आणि गडद रंगातून पांढरं अक्षर सोडायचं असेल तर ०.५ धरतो, कारण तिथं चारी बाजूंनी शाई आत सरकते. याचा अर्थ एकतर शब्द मोठा करा किंवा कमी फरकाचा, जाडसर फॉन्ट घ्या. मधला मार्ग म्हणून लोक अक्षराला त्याच रंगाची किनार लावतात, त्यानं बारीक रेघ जाड होते खरी पण अक्षराच्या पोटातली जागा भरून येते आणि टोकं बोथट होतात. अगदी नाइलाज असेल तरच.

बाकी माध्यमांचं थोडक्यात सांगतो.

फ्लेक्सला रेघ छापली जाईल, पण लांबून दिसणार नाही. बोर्डवाले १ इंच उंचीला १० फूट असा ठोकताळा धरतात, म्हणजे ५० फुटांवरून वाचायला ५ इंच. हा साध्या जाड अक्षराचा हिशोब झाला. जाड-बारीक फरक असलेल्या तिरक्या अक्षराला मी ८ इंच धरतो, आणि मराठीत उंची मोजताना शिरोरेषेपासून खालपर्यंत मोजतो, मात्रा-वेलांट्या सोडून. हरभट रोडवरून गाडीवर जाणारा माणूस तुमच्या बोर्डापुढं थांबून उभा राहणार नाहीये.

व्हिनाईल कटिंगला, म्हणजे चिकट शीटमधून अक्षरं कापताना, नको असलेला भाग सोलून काढताना बारीक टोकं सोबत उठून येतात. अ‍ॅक्रिलिकच्या लाइटवाल्या अक्षरात आत एलईडी बसायला जागा लागते, बारीक भाग अंधारातच राहतो. लग्नपत्रिकेवर ऑफसेटनं गुळगुळीत कागदावर छापणार असाल तर मात्र बारीक, नखरेल इटॅलिकला खरा न्याय मिळतो, तिथं बिनधास्त वापरा.

> तपासा: छापणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी विचारल्या का? किती बारीक रेघ निघेल, आणि उलटं म्हणजे पांढरं सोडलेलं अक्षर किती बारीक चालेल. उत्तर मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

टप्पा ३. फॉन्टची परीक्षा घ्या, नमुन्याच्या चित्रावर जाऊ नका

फॉन्ट विकणारा किंवा फुकट देणारा त्याच्या नमुन्यात असेच शब्द घालतो जे त्या फॉन्टला शोभतात. आपले शब्द घालून बघायचे. मराठीसाठी माझी एक ओळ ठरलेली आहे, ती प्रत्येक नव्या फॉन्टमध्ये टाकतो:

‘कऱ्हाडहून तासगावची द्राक्षं, वाळव्याचा ट्रॅक्टर, ज्ञानेश्वरी, श्रद्धा, शिर्डी, ॲसिड, ऑइल, कवठेमहांकाळ, ₹ ४५’

यात मराठीची बहुतेक अडचणीची ठिकाणं येतात. ‘कऱ्हाड’मधला अर्धा र बघा, पुष्कळ फॉन्टांत तिथं चुकून रफार येतो किंवा पाय मोडलेला र दिसतो. ‘द्र’, ‘ट्र’ नीट जुळतात का, ‘ॲ’च्या जागी रिकामा चौकोन येतो का, रुपयाचं चिन्ह आहे का. आणि ‘ल’, ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे ते तर बघाच. काही फॉन्टांत दोन्ही असतात आणि भाषा मराठी निवडली की बदलतात. ‘तिरो देवनागरी मराठी’सारखा फॉन्ट थेट मराठी वळणासाठी आहे.

इंग्रजीसाठी आपलं नाव आधी छोट्या अक्षरांत टाईप करा. ‘राजापुरी’च्या स्पेलिंगमध्ये ‘जे’ आणि ‘पी’ दोन्ही ओळीखाली उतरतात, इटॅलिकमध्ये त्यांच्या शेपट्या छान खेळतात, शब्दाला खालून आधार मिळतो. पण त्याचाच अर्थ असा की खाली ‘हळद पावडर’ ठेवायची तर या शेपट्यांना जागा सोडावी लागणार. हे आत्ताच नोंदवून ठेवा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथली: लोक ‘प्लेफेअर डिस्प्ले’चं इटॅलिक निवडतात आणि त्यात मराठी टाईप करतात. त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाहीच. सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं, वर नाव मात्र प्लेफेअरचंच दिसत राहतं, आणि आपण समजतो मराठीत हा फॉन्ट जरा साधाच दिसतो. इंग्रजी आणि मराठीसाठी फॉन्ट वेगवेगळे निवडायचे असतात, एकात दोन्ही मिळालं तर नशीब.

आकडेही टाईप करून बघा. प्लेफेअरमध्ये आकडे मुळात वरखाली लटकणारे येतात, मजकुरात शोभतात पण फोन नंबर लिहिला की दात पडल्यासारखा दिसतो.

> सावधान: फुकट उतरवलेला फॉन्ट धंद्याला चालतो का, ते सोबतच्या लायसन्सच्या फाईलमध्ये वाचा. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ लिहिलेला फॉन्ट पाकिटावर चालत नाही. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर धंद्यासाठी वापरता येतो.

टप्पा ४. सॉफ्टवेअर मराठीला तयार करा

हे एकदाच करायचं असतं पण न केल्यामुळं रोज त्रास होतो. डिझाईनसाठी आपल्याकडं इलस्ट्रेटर किंवा कोरल ही सॉफ्टवेअरं चालतात. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाईप विभागात इंडिक पर्याय दाखवा असं आहे ते चालू करा, मग पॅराग्राफच्या मेनूतून दक्षिण आशियाई कंपोझर निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडं जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. कोरल असेल तर एक्स ६ पासून पुढचं पाहिजे, ओपनटाइपची, म्हणजे जोडाक्षरं नीट जुळवणाऱ्या फॉन्टची, सोय तिथून आली. आपल्याकडं अजून कितीतरी ठिकाणी जुन्या कोरलवर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टनं काम चालतं, चालू द्या, पण मग मोबाईलवरून आलेला मजकूर थेट चिकटवू नका, आधी बदलून घ्या आणि बदलल्यावर अक्षर न् अक्षर वाचा. ‘ऱ्या’ आणि ‘श्र’ हमखास मार खातात.

टप्पा ५. मराठी शब्दाला गती द्या, पण आडवं ढकलून नाही

आता खरं काम. हा टप्पा मी मुद्दाम लांबवून सांगतोय कारण मराठीत तिरक्या अक्षराचं सगळं इथं ठरतं.

इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, देवनागरी वरच्या रेषेला टांगलेलं असतं. इंग्रजी उजवीकडं झुकवलं तर चालायला निघाल्यासारखं वाटतं. देवनागरी तसंच ढकललं तर शिरोरेषा आहे तशी आडवी राहते आणि खालचे पाय सगळे डावीकडं जातात, दोरीवर वाळत घातलेले कपडे वाऱ्यानं एकाच बाजूला जावेत तसं. शब्द पुढं जायच्या ऐवजी मागं ओढला जातोय असं वाटतं.

दुसरी अडचण मात्रांची. १२ अंश झुकवलं तर १०० मिलिमीटर उंचीवरचा बिंदू साधारण २१ मिलिमीटर उजवीकडं सरकतो. खालचा उकार डावीकडं जातो, वरची वेलांटी, रफार, अनुस्वार उजवीकडं. ‘राजापुरी’तल्या ‘पु’चा उकार ‘जा’च्या कान्याखाली घुसतो आणि ‘री’ची वेलांटी शब्दाच्या बाहेर लोंबते. ‘शिर्डी’सारख्या शब्दात रफार नेमका कुठल्या अक्षराचा तेच कळेनासं होतं. शिवाय गोल भाग बिघडतात, उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा खालचा भाग जाड, उरलेले दोन बारीक. ‘ठ’, ‘ढ’, ‘व’ टाईप करून मोठं करून बघा, लगेच दिसेल.

मग करायचं काय? तीन मार्ग आहेत, मी याच क्रमानं बघतो.

पहिला, मुळातच वळणदार असलेला देवनागरी फॉन्ट घ्या आणि त्याला अजिबात झुकवू नका. ‘कलम’ बोल्डमध्ये ‘राजापुरी’ लिहिलं की अर्ध्या कामांत गोष्ट इथंच संपते.

दुसरा, शब्द चढता करा. म्हणजे आडवं ढकलायच्या ऐवजी उभं ढकला. कान्यांचे दांडे उभेच राहतात, शिरोरेषा मात्र डावीकडून उजवीकडं वर चढत जाते. आपल्या जुन्या पेंटर लोकांनी दुकानांच्या पाट्यांवर, टेम्पोच्या मागं असे चढते शब्द कितीतरी काढलेत, नजर तयार असेल तर अजून दिसतात. याचा मोठा फायदा असा की प्रत्येक मात्रा आपल्याच अक्षराच्या बरोबर वर-खाली राहते, कुठं धडकत नाही. कोरलमध्ये शब्दावर दोनदा क्लिक करून बाजूच्या मधल्या खुणेला धरून वर ओढा. वरच्या-खालच्या खुणेला धरू नका, त्यानं आडवं झुकतं. इलस्ट्रेटरमध्ये शिअर घेऊन अक्ष उभा निवडा. कोन ४ ते ६ अंश पुरे. ५ अंशाला १०० मिलिमीटर लांबीचा शब्द साधारण ९ मिलिमीटर वर चढतो, तेवढ्यानं डोळ्याला गती पुरते. ८ च्या वर गेलात तर शब्द उडून चाललाय असं वाटतं, आणि खाली उजवीकडं जो रिकामा कोपरा तयार होतो तो भरता भरता नाकी नऊ येतात.

तिसरा मार्ग म्हणजे शब्द हातानं लिहून घ्या. चांगलं अक्षर लिहिणारा माणूस शोधा, कट निबनं काळ्या शाईत, जेवढा छापायचा त्याच्या दुप्पट-तिप्पट आकारात दहा-बारा वेळा लिहून घ्या, त्यातला एक निवडा, ६०० डीपीआयला स्कॅन करून ट्रेस करा आणि ट्रेसनंतर अनावश्यक नोड, म्हणजे रेघेवरचे बिंदू, हातानं काढा. वेळ लागतो. पण नाव दहा वर्षं वापरायचं असेल तर मी गिऱ्हाइकाला आधी हेच सुचवतो, कारण हा शब्द दुसऱ्या कुणाच्या पाकिटावर असणारच नाही. त्या माणसाला पैसे नीट द्या, ‘चार अक्षरं तर आहेत’ असं म्हणू नका.

आणि तरी गिऱ्हाईक आडव्या झुकण्यावरच अडून बसलं तर? ६ अंशांपर्यंत झुकवा, कर्व्ह करा (म्हणजे टाईप केलेल्या अक्षराचं नुसतं चित्र करा), आणि मग प्रत्येक वरची मात्रा हातानं डावीकडं, प्रत्येक उकार उजवीकडं सरकवून आपापल्या अक्षराच्या मध्यावर आणा. गोल भागांची जाडी डोळ्यानं सारखी करा. बटन दाबून सोडून देण्यात आणि हे करण्यात फार फरक पडतो.

> सावधान: मराठी शब्दात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. जागा भरायची असेल तर शब्द मोठा करा. बाजूनं ताणणं तर कधीच नको, उभे दांडे जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते.

टप्पा ६. इंग्रजी शब्द खाली बसवा

एकाच पाकिटावर दोन्ही लिपी नखरे करायला लागल्या की भांडण होतं. मराठी चढती किंवा वळणदार असेल तर इंग्रजी नाव शांत, आकारानं लहान, पण खरं इटॅलिक. मराठी सरळ भक्कम असेल, समजा ‘रोझा वन’सारख्या जाड-बारीक फॉन्टमध्ये, तर इंग्रजीला मोकळीक द्या.

कॅपिटल फक्त पहिलं. फटकाऱ्यांची कॅपिटल एकापुढं एक लावून सगळा शब्द लिहिणं ही आपल्याकडची फार मोठी चूक आहे, लग्नाच्या बोर्डावर हमखास दिसते आणि वाचता वाचता माणूस पुढं निघून जातो. ती कॅपिटल छोट्या अक्षरांच्या सोबतीनं उभी राहायला काढलेली असतात, एकमेकांच्या सोबतीनं नाही.

जोड्यांमधलं अंतर बघा. कॅपिटल ‘आर’नंतरचा ‘ए’ दूर वाटतो का, ‘जे’चं डोकं आधीच्या अक्षराला टेकतंय का. इलस्ट्रेटरमध्ये दोन अक्षरांच्या मध्ये कर्सर ठेवून ऑल्ट आणि बाणाची कळ, कोरलमध्ये एफ १० दाबून अक्षराखालचा नोड धरून सरकवा. इंग्रजीला हे करता येतं, शिरोरेषा नाही ना.

शब्द मध्यावर आणताना सॉफ्टवेअरच्या बटनावर विसंबू नका. लांब शेपटी असली की सॉफ्टवेअर शेपटीसकट मोजतं आणि शब्द एका बाजूला सरकलेला वाटतो. शेपटी बोटानं झाकून, उरलेला शब्द डोळ्यानं मध्ये आणा.

टप्पा ७. फटकारा एकच मारा

इथं बहुतेकांचा हात सुटतो. ग्लिफच्या पॅनलमध्ये, म्हणजे फॉन्टमधल्या सगळ्या आकारांच्या यादीत, एकाच अक्षराचे पाच-सहा नखरेल पर्याय दिसले की सगळे वापरावेसे वाटतात. शब्दाला एकच लांब फटकारा द्या, सुरुवातीला किंवा शेवटी. ‘राजापुरी’त पहिल्या ‘र’चा पाय खालून लांबवता येतो, किंवा शेवटच्या ‘री’ची वेलांटी वरून मागं आणता येते. मी ‘र’चा पाय घेतला, कारण वरची वेलांटी मागं आणली की ती ‘पु’वर अनुस्वार-मात्रेसारखी वाचली जायची भीती. फटकाऱ्याची जाडी अक्षराच्या जाडीतून निघाली पाहिजे, मधेच बारीक होऊन पुन्हा जाड झाली तर तो वेगळा चिकटवलेला तुकडा वाटतो.

> तपासा: फटकारा मारल्यावर नवीन मात्रा तयार झाली नाही ना? ज्याला नाव माहीत नाही अशा कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा.

टप्पा ८. बाकीचा मजकूर

‘हळद पावडर’, वजन, पत्ता यासाठी एकच शांत फॉन्ट. ‘मुक्ता’ मला सोयीचा पडतो, अक्षराच्या जाडीची सात वजनं मिळतात त्यामुळं दुसरा फॉन्ट आणायची गरज पडत नाही. मजकुरात एखादा शब्द ठळक करायचा तर बोल्ड करा किंवा एकेरी अवतरणात घाला, मराठीत जोर द्यायला तिरकं करायची गरज नाही. पाकिटावरचे कायद्यानं लागणारे आकडे किती उंचीचे हवेत ते वजन-मापांच्या नियमांत दिलेलं असतं, ते बघून मगच उरलेली जागा नावाला द्या. उलटं करू नका.

टप्पा ९. रंग

हळद म्हणून पिवळं पाकीट आणि त्यावर पांढरं नाव, हा मोह सगळ्यांना होतो. पिवळ्यावर पांढरं दिसत नाही, त्यात तिरकं आणि बारीक असेल तर गेलंच. पिवळ्यावर गडद तपकिरी, गडद हिरवा किंवा कुंकवाचा लाल. आणि बारीक रेघांच्या अक्षराला शक्यतो एकच शाई ठेवा, चार रंगांच्या मिश्रणातून तपकिरी केला की छपाईत रंग केसभर सरकला तरी बारीक रेघेला दुसऱ्या रंगाची झालर दिसते. सावली, चमक, उठाव, ग्रेडियंट यांतलं काहीही लावायच्या आधी एकदा नुसतं काळ्या-पांढऱ्यात बघा, तिथं नाव चांगलं दिसत नसेल तर अडचण अक्षरात आहे, रंगानं सुटणार नाही.

टप्पा १०. खऱ्या आकारात कागदावर काढा

स्क्रीनवर मोठं करून बघणं म्हणजे प्रूफ, छपाईआधीचा तपासायचा नमुना, नाही. प्रिंटला देताना ‘पानावर बसवा’चा पर्याय बंद करा, १०० टक्क्यांवर काढा, पट्टीनं मोजून खात्री करा. मग कापून खऱ्या भरलेल्या पाकिटावर चिकटवा. भरलेलं पाकीट मध्ये फुगतं, कडा मागं वळतात, आणि सपाट कागदावर ऐटीत बसलेलं ‘राजापुरी’चं शेवटचं ‘री’ बाजूला वळून दिसेनासं होतं. म्हणून मी नावाला दोन्ही बाजूंनी दीड सेंटीमीटर तरी मोकळं सोडतो.

ते पाकीट दुकानाच्या फळीवर बाकीच्या पाकिटांत ठेवा, सहा-सात फुटांवर उभं राहा. डोळे किलकिले करून बघा, काय आधी नाहीसं होतं? बारीक रेघा गेल्या आणि तरी शब्द वाचता येतोय तर उत्तम. बोर्डाचं काम असेल तर ए ४ चे तुकडे जोडून निदान एक शब्द खऱ्या उंचीत भिंतीला लावा आणि रस्त्याच्या पलीकडून बघा.

> तपासा: दोन सेकंद दाखवून पाकीट लपवा आणि विचारा काय वाचलं. ‘राजपुरी’ असं उत्तर आलं तर ‘जा’चा काना कुठंतरी हरवतोय, टप्पा ५ ला परत जा.

टप्पा ११. फाईल देताना

आधी बदलता येईल अशी मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, मग तिच्या कॉपीवर अक्षरं कर्व्ह करा, कोरलमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल शिफ्ट ओ. छापणाऱ्याकडं तो फॉन्ट असेलच असं धरून चालू नका.

मराठीत इथं एक पायरी जास्त लागते, आणि ती जवळजवळ सगळे विसरतात. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. एकच भरीव रंग असेल तोवर कळत नाही, पण किनार दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते, पारदर्शक केलं की तिथं गडद ठिपका पडतो, आणि व्हिनाईलच्या मशीनवर गेलं तर ते प्रत्येक सांध्यावर कापतं, शब्दाचे तुकडे हातात येतात. म्हणून सगळे तुकडे जोडून एक करायला कोरलमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट करा आणि मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतात तिथं, बघून घ्या, शिरोरेषा डावीकडून उजवीकडं अखंड एकच दिसली पाहिजे. वेल्ड केल्यावर ‘पु’च्या उकाराचं पोट भरून गेलं नाही ना, तेही तेव्हाच बघा.

सोबत नावाची एक साधी, फटकारा नसलेली आवृत्तीसुद्धा बनवून द्या. मालकाला पुढं रबरी शिक्का करायचा असतो, बिलबुकावर नाव लागतं, व्हॉट्सॲपच्या गोल फोटोत टाकायचं असतं, आणि तिथं तो लांब पायाचा ‘र’ मावत नाही. ही आवृत्ती दिली नाही तर कुणीतरी मूळ नावच दाबून चपटं करून बसवतं. दोन्ही फायलींची नावं मराठीत न ठेवता साधी इंग्रजी ठेवा, काही जुन्या प्रिंटिंग मशीनच्या कॉम्प्युटरवर मराठी नावाची फाईल उघडत नाही.